‘आम्ही’ की ‘आपण’? : न्यायमूर्ती रानडे यांची सामाजिक परिषदेतील वार्षिक भाषणे

१

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला, ही नोंद त्यांच्या प्रत्येक चरित्राच्या पहिल्या पानावर येते. आणि दुसऱ्याच वाक्यात चरित्रकार निफाड सोडून कोल्हापूरला जातो. त्याला कारणही तसेच आहे. वडील गोविंदराव कोल्हापूरच्या नोकरीत गेल्यामुळे रानड्यांचे बालपण तिकडे गेले. उच्च शिक्षण मुंबईत झाले. सार्वजनिक कार्याची उभारणी पुण्यात झाली. १८९३ नंतर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून पुन्हा मुंबई आली. निफाडच्या वाट्याला जन्मस्थानाचा मान तेवढा राहिला. मात्र रानड्यांच्या वक्तृत्वाने जो प्रश्न अर्धवट सोडला, त्याचे एक उत्तर पुढे निफाडच्या अगदी शेजारी उच्चारले गेले. त्या उत्तरापर्यंत पोचण्यासाठी आधी तो प्रश्न नीट मांडला पाहिजे.

रानड्यांचे अर्थशास्त्रीय निबंध, त्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील १९०० सालचा ग्रंथ आणि प्रार्थनासमाजातील धर्मपर व्याख्याने यांचा विचार मराठी समीक्षेने आणि इतिहासलेखनाने थोडाफार केला आहे. भारतीय सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावरून १८८७ ते १९०० या काळात त्यांनी केलेली वार्षिक भाषणे मात्र बहुधा ‘विचारां’ची खाण म्हणूनच वाचली गेली. त्यांतून संमतिवयाविषयीचे मत काढून घ्यावे, पुनर्विवाहाविषयीचे काढून घ्यावे आणि उरलेला भाग प्रास्ताविक समजून सोडून द्यावा, अशी एकंदर रीत. या भाषणांना स्वतःचा एक घाट आहे आणि तो घाट हाच त्यांतील युक्तिवादाचा मोठा भाग आहे, याकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले.

२

परिषदेची पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घ्यावी. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात दादाभाई नौरोजींनी राष्ट्रीय सभेची मर्यादा स्पष्ट केली होती : ज्या प्रश्नांत सर्व राष्ट्राला प्रत्यक्ष भाग घेता येतो तेवढेच सभेने हाती घ्यावेत, सामाजिक सुधारणेचे प्रश्न त्या त्या समाजावर सोडावेत. ही मर्यादा मान्य करून, पण सामाजिक प्रश्न वाऱ्यावर न सोडता, १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला सामाजिक परिषद भरली. पुढे राष्ट्रीय सभा जिथे, तिथे तिच्या पाठोपाठ परिषद, असा क्रम पडला : अलाहाबाद, मुंबई, कलकत्ता, नागपूर, पुन्हा अलाहाबाद, लाहोर, मद्रास, पुणे, आणि असेच पुढे. अध्यक्ष दरवर्षी बदलत. चिटणीस या नात्याने रानडे कायम होते. सरकारी नोकरीतील न्यायाधीशाला राजकीय सभेचे व्यासपीठ मोकळे नव्हते. हे व्यासपीठ मोकळे होते. एका चिटणिसाने वर्षाचा अहवाल द्यावा, एवढ्या साध्या गरजेतून जे भाषण सुरू झाले, त्याला हळूहळू राष्ट्रीय पुढाऱ्याच्या वार्षिक संबोधनाचे स्वरूप आले.

अहवाल हा या भाषणांचा मूळ साचा आहे आणि रानड्यांनी तो कधीही पूर्णपणे टाकला नाही. राजपुतान्यात वॉल्टरकृत राजपुत्र हितकारिणी सभेने विवाहाचा खर्च किती उतरवला, कायस्थांच्या सभांनी कोणते ठराव केले, म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा कसा केला, कोणत्या प्रांतात किती पुनर्विवाह लागले, मुलींच्या शाळांचे काय झाले, अशी वर्षाची जमा ते श्रोत्यांसमोर ठेवतात. आकडे पुष्कळदा लहान असतात आणि त्यांचे लहानपण लपवण्याचा प्रयत्न वक्ता करीत नाही. मागील वर्षाच्या शेजारी या वर्षाचा आकडा ठेवला की दोहोंतील अंतर हीच गतीची खूण ठरते. एरवी वक्तृत्व क्षणावर जगते. सभा संपली की त्याचा अंमल उतरू लागतो. वार्षिक भाषणाला मात्र स्मृती असते. गेल्या वर्षी जे म्हटले त्याला या वर्षी उत्तर द्यावे लागते. परिषदेच्या हाती ना कायद्याचे बळ होते, ना जातीच्या बहिष्काराचे. दरवर्षी परत येऊन हिशेब मागणे, एवढेच तिचे शस्त्र होते.

या साच्यात दुसरा एक साचा मिसळला आहे, तो न्यायनिवाड्याचा. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात आधी मांडायचे, पुरावा तपासायचा, दोन्ही बाजूंना काय मान्य आहे ते वेगळे काढायचे आणि मग निर्णयाकडे वळायचे, ही न्यायासनाची सवय भाषणाच्या परिच्छेदरचनेत उतरली आहे. आगरकरांच्या गद्याशी तुलना केली म्हणजे हा फरक ठळक होतो. १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणारे आगरकर प्रतिपक्षाला वाक्यावाक्यात कोंडीत पकडतात. त्यांच्या लेखनात वाचक एकतर लेखकाच्या बाजूला असतो किंवा समोर. रानड्यांच्या भाषणात समोर कोणी राहूच नये अशी योजना असते. विरोधकाला उठून जाण्यासाठी दार सापडू नये, इतका त्याचा आदर केला जातो.

३

भाषणांतील धोरणविषय वर्षानुवर्षे तेच आहेत : विवाहाचे वय, विधवांचा पुनर्विवाह आणि १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहितेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क जाण्याचा प्रश्न, केशवपन, स्त्रीशिक्षण, पोटजातींतील विवाह, समुद्रगमन, मद्यपान. या यादीमागे शासनसंस्थेविषयीची एक निश्चित भूमिका आहे. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान देताना रानड्यांनी सरकारने उद्योगांच्या बाबतीत तटस्थ राहावे हे मत हिंदुस्थानच्या स्थितीला लागू पडत नाही, असे प्रतिपादले होते. सामाजिक परिषदेत ते हेच तत्त्व विवाहसंस्थेला लावतात. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा परकीय सरकारने आमच्या घरात शिरू नये हा आक्षेप महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या आवाजात घेतला गेला. जे लोक कारखान्यांसाठी सरकारची मदत मागतात त्यांनी दहा वर्षांच्या मुलीसाठी ती नाकारावी, यातील विसंगती रानड्यांची ही दोन्ही प्रतिपादने शेजारी ठेवून वाचल्याशिवाय पूर्णपणे ध्यानात येत नाही.

तरीही कायदा हा त्यांच्या मांडणीत पहिला उपाय नाही. सुधारणेच्या चार पद्धती ते सांगतात. शास्त्रवचनांचा नवा अर्थ लावणे ही पहिली, व्यक्तीच्या सदसद्विवेकाला आवाहन करणे ही दुसरी, कायद्याने किंवा जातीच्या नियमाने दंड ठरवणे ही तिसरी आणि जुन्या समाजापासून फुटून निराळा पंथ काढणे ही चौथी. पहिल्या तिन्हींना ते आपापले स्थान देतात. चौथीविषयी त्यांना धास्ती वाटते, कारण तीत सातत्य तुटते. सुधारकाला कोरी पाटी मिळत नाही, अर्धे लिहिलेले वाक्य पूर्ण करणे हेच त्याचे काम, अशा आशयाची त्यांची प्रतिमा प्रसिद्ध आहे. समाज हे सजीव शरीर, परंपरा ही चालू वाढ आणि सुधारणा म्हणजे त्या वाढीतील पुढचे पेर, हा रूपकांचा सारा परिवार याच भूमिकेतून येतो.

या रूपकाचा सर्वांत समर्थ उपयोग १८९७ च्या अमरावतीच्या भाषणात दिसतो. ते वर्ष महाराष्ट्राला विसरण्यासारखे नव्हते. दुष्काळ, पुण्यातील प्लेग, २२ जूनचा रँडवरील हल्ला, राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना झालेली शिक्षा, या सर्वांनंतर डिसेंबरात भरलेल्या परिषदेत सुधारणेपेक्षा प्राचीन आचारांचे पुनरुज्जीवन करावे, या मताचा परामर्श रानडे घेतात. त्यांची युक्ती साधी आहे. ते पुनरुज्जीवनाचा निषेध करीत नाहीत. ते मान्य करून विचारतात की नेमके कशाचे पुनरुज्जीवन करायचे? विवाहाच्या आठही प्रकारांचे? बारा प्रकारच्या पुत्रांचे? नियोगाचे? यज्ञातील पशुवधाचे? सतीचे? प्रश्नामागून प्रश्न येतो, आणि प्रत्येक प्रश्नाचा आधार त्याच शास्त्रांत असतो ज्यांचा हवाला प्रतिपक्ष देत असतो. प्राचीन काळ एकच नव्हता, तो सतत बदलत होता, हे श्रोत्यांना सांगावे लागत नाही. यादीच ते सिद्ध करते. उपहास वाटावा अशी ही यादी उपहास न करता वाचली जाते, यातच वक्त्याचा संयम आणि कौशल्य आहे.

यादी संपताच भाषणाचा सूर पालटतो. बाह्य आचारांच्या मागे कोणत्या मनोवृत्ती आहेत असा प्रश्न येतो आणि फटकून राहणे, आतल्या आवाजापेक्षा बाहेरच्या सत्तेपुढे नमणे, जन्मावरून माणसामाणसांत खोटे भेद पाहणे, अन्याय मुकाट्याने सोसणे आणि दैववादाच्या जवळ जाणारी ऐहिक उदासीनता, असे रोगाचे निदान केले जाते. १८९९ च्या लखनौच्या भाषणात हीच रीत हिंदू-मुसलमान प्रश्नाला लावलेली आहे. अकबराच्या काळातील समन्वयाचा इतिहास उभा करून, दोन्ही समाजांचे दोष एकाच जातीचे आहेत आणि त्यांवरचा उपायही एकत्र शोधावा लागेल, असे तिथे सुचवले आहे. उद्योग, विवाह आणि धर्मभेद या तिन्ही बाबतींत दोष आत आहे आणि तो सर्वांचा आहे, हे सूत्र कायम राहते.

४

‘सर्वांचा’ या शब्दापाशी थांबणे आवश्यक आहे. ही भाषणे इंग्रजीत आहेत. मद्रास, लाहोर आणि कलकत्ता यांना एकाच वेळी उद्देशून बोलायचे तर दुसरी भाषा उपलब्ध नव्हती. मराठीच्या बाजूने, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिला स्थान मिळावे म्हणून, अखेरच्या वर्षांत प्रयत्न करणाऱ्या माणसाने आपले सर्वांत महत्त्वाचे सार्वजनिक बोलणे इंग्रजीत करावे, यात तेव्हा कोणाला नवल वाटले नसावे. पण भाषेची ही निवड अर्थावर परिणाम करून जाते. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. मराठी वक्त्याला दर वाक्यात ही निवड करावी लागते आणि ती लपवता येत नाही. रानड्यांच्या इंग्रजी भाषणांतील त्या सर्वनामाचे मराठीकरण करायला बसले की त्या भाषणांच्या गाभ्यातील प्रश्न उघडा पडतो.

पुष्कळ ठिकाणी उत्तर निःसंशय ‘आपण’ असे आहे. दोषांची कबुली देताना वक्ता स्वतःला कधीही वगळत नाही, आणि हा शिष्टाचाराचा भाग नव्हता. १८७३ मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर पुनर्विवाहाचा पुरस्कर्ता असलेल्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानानंतर १८९२ मध्ये प्रायश्चित्तही घेतले. विरोधकांनी आणि आगरकरांच्या बाजूच्या मित्रांनीही या गोष्टी त्यांच्या पदरात घातल्या. परिषदेतील भाषणे या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे बाहेरच्या सत्तेपुढे नमण्याच्या वृत्तीविषयी ते जे बोलतात त्यात आत्मपरीक्षणाचा अंश ऐकू येतो. वडिलांच्या शब्दापुढे आपला विवेक गहाण टाकणारा माणूस कसा असतो, हे सांगायला त्यांना उदाहरण शोधावे लागणार नव्हते. रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींमुळे या भाषणांच्या आड असलेले घर मराठी वाचकाला दिसले. ते घर दिसल्यावर भाषणांतील ‘आपण’ अधिक खरे वाटू लागते.

या ‘आपण’ची कठोर परीक्षा १८९५ मध्ये पुण्यात झाली. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली होती. राष्ट्रीय सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू देणार नाही, असा आग्रह धरला गेला तेव्हा सभेत फूट पडू नये म्हणून रानड्यांनी मंडपावरचा हक्क सोडला आणि परिषद निराळ्या मंडपात भरली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष होते. या प्रसंगीच्या भाषणात रानडे तक्रार करीत नाहीत. पुण्यातच एवढा विरोध का होतो, याची ते मीमांसा करतात : इतर प्रांतांतील सुधारक स्वतंत्र समाज काढून वेगळे झाले, म्हणून त्यांच्याशी भांडण्याचे कारण उरले नाही, इथले सुधारक समाजातच राहू पाहतात, म्हणून समाज त्यांच्याशी भांडतो. विरोध हाच संबंध शिल्लक असल्याचा पुरावा, असा हा युक्तिवाद आहे. ज्यांनी मंडपाबाहेर काढले त्यांनाही वक्ता ‘आपण’मधून बाहेर काढायला तयार नाही.

५

मंडपाबाहेर काढणाऱ्यांना ज्या ‘आपण’मध्ये जागा होती, त्यात ज्यांना मंडपात कधी बोलावलेच नव्हते त्यांना जागा होती काय? इथे रानड्यांच्या वक्तृत्वाची मर्यादा सुरू होते. विधवा, बालवधू आणि अस्पृश्य या भाषणांत पुन्हा पुन्हा येतात, परंतु येतात ते तृतीयपुरुषात. त्यांच्यासाठी काय करावे, हा विषय असतो. त्यांच्याशी बोलणे नसते. वाट पाहण्याची किंमत ज्यांना द्यावी लागते ते श्रोत्यांत बसलेले नाहीत. वर्षाच्या जमेत दहा पुनर्विवाहांची भर पडली हे चिटणिसाला समाधानाचे वाटू शकते. अकराव्या स्त्रीच्या दृष्टीने त्या वर्षाचा हिशेब निराळा असतो. वार्षिक गतीने चालणारे वक्तृत्व धीर धरू शकणाऱ्यांचे वक्तृत्व असते.

हा आक्षेप नंतरच्या काळाने मागे नेऊन लादलेला नाही. परिषद सुरू होण्यापूर्वीच तो रानड्यांना लेखी मिळाला होता. १८८५ मध्ये पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवले. जोतीरावांनी पाठवलेले नकाराचे पत्र ‘ज्ञानोदया’त छापले गेले. मनुष्यमात्राचे हक्क ज्यांनी आजवर कबूल केले नाहीत त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. त्याच साली ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून जोतीरावांनी शेतकऱ्यांच्या स्थितीविषयीच्या रानड्यांच्या विधानांचाही प्रतिवाद केला. हे दोघे परस्परांना अपरिचित नव्हते. १८७५ मध्ये पुण्यात स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीत दोघेही सहभागी होते. म्हणूनच या नकाराला वजन आहे. रानड्यांनी ‘आपण’ म्हणून हात पुढे केला. जोतीरावांनी ‘आम्ही’ म्हणून तो नाकारला. आणि हा संवाद मराठीत झाल्यामुळे त्यात कोठेही संदिग्धता राहिली नाही.

अर्ध्या वाक्याच्या प्रतिमेकडे या पत्रानंतर पुन्हा पाहावे लागते. वाक्य अर्धे लिहिलेले आहे आणि ते पूर्ण करायचे आहे, हे खरे. पण पहिला अर्धा भाग कोणी लिहिला आणि त्यात कर्ता कोण, कर्म कोण हे ठरलेले असेल तर उरलेला अर्धा भाग लिहिणाऱ्याला कितीसे स्वातंत्र्य राहते? व्याकरण तेच ठेवून अर्थ बदलता येतो, ही रानड्यांची श्रद्धा होती. व्याकरणातच अन्याय आहे, हे जोतीरावांचे म्हणणे होते.

६

१९०० च्या डिसेंबरातील लाहोरच्या परिषदेसाठी रानड्यांनी ‘वसिष्ठ आणि विश्वामित्र’ हा विषय निवडला. जन्मसिद्ध अधिकार आणि तपाने मिळवलेला अधिकार यांच्या झगड्याची ही पुराणकथा. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना जाता आले नाही. भाषण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वाचून दाखवले. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवसाला दोन दिवस असताना, रानड्यांचे निधन झाले. शेवटचे वार्षिक भाषण वक्त्याच्या आवाजाशिवाय लाहोरला पोचले. विश्वामित्राला ब्रह्मर्षी म्हणून मान्यता वसिष्ठाच्याच मुखातून मिळावी लागते, हा या कथेचा शेवट रानड्यांच्या समन्वयाला मानवणारा होता. जोतीरावांच्या बाजूने पाहिले तर तीच तिची अडचणही आहे : मान्यता देण्याचा अधिकार वसिष्ठाकडेच राहतो.

छत्तीस वर्षांनी त्याच लाहोरसाठी दुसरे एक वार्षिक भाषण लिहिले गेले. जातपात तोडक मंडळाच्या १९३६ च्या अधिवेशनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेले अध्यक्षीय भाषण मंडळाला पेलले नाही; अधिवेशन रद्द झाले आणि भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रारंभीच सामाजिक परिषदेचा, तिच्या मंडपाच्या वादाचा आणि १८९२ मध्ये अलाहाबादला उमेशचंद्र बॅनर्जींनी सामाजिक सुधारणेची अट राजकीय हक्कांना लावू नये असे जे सुचवले होते त्याचा परामर्श येतो. परिषद हरली, कारण तिची सुधारणा हिंदू कुटुंबाची होती, हिंदू समाजरचनेची नव्हती, असा आंबेडकरांचा निष्कर्ष आहे. या भाषणाच्या आधी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, निफाडला लागून असलेल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. रानड्यांनी चार पद्धतींपैकी जी चौथी, फुटून निघण्याची, धास्तीने बाजूला ठेवली होती, ती त्यांच्या जन्मगावाच्या शेजारी, धीर संपलेल्यांच्या वतीने, मराठीतल्या निखळ ‘आम्ही’ने स्वीकारली गेली.

हा इतिहास इथेच संपला असता तर रानड्यांच्या भाषणांना एका पराभूत वक्तृत्वाचे दस्तऐवज म्हणून बाजूला ठेवता आले असते. परंतु १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, पुण्यात बोलायला आंबेडकर उभे राहिले. रानड्यांनीच १८९६ मध्ये स्थापलेल्या डेक्कन सभेचे ते निमंत्रण होते. गांधी आणि जिना यांच्याशी तुलना करून त्यांनी रानड्यांचा मोठेपणा मान्य केला. हक्क कायद्यात लिहून चालत नाही, समाजाच्या सदसद्विवेकाने ते उचलून धरावे लागतात, हा विचार त्यांनी रानड्यांच्या कार्यात ओळखला. ज्याने कुटुंबसुधारणेची मर्यादा सर्वांत परखडपणे दाखवली, त्यानेच त्या सुधारकाचा हिशेबही सर्वांत न्याय्यपणे केला.

वार्षिक भाषणाचे मर्म अशा परत येण्यात आहे. दरवर्षी त्याच प्रश्नाकडे वळून काय झाले, काय राहिले, हे विचारण्याची शिस्त रानड्यांनी सार्वजनिक जीवनाला लावली. त्या हिशेबात कोणाची गणना झाली नाही, हे सांगणारेही पुढे त्याच शिस्तीने उभे राहिले. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर रानड्यांच्या भाषेने मिटवले नाही. इंग्रजीने ते काही काळ झाकले. मराठीत मात्र ते अंतर प्रत्येक वाक्यात दिसते, आणि म्हणून ही भाषणे मराठी वाचकाने सर्वनामांवर बोट ठेवून वाचली पाहिजेत.